अंधारीचा नकाशा



गेल्या मे महिन्यात आम्ही दोन दिवस लोणी भापकरला होतो. आमच्या आपाचं सासर तिथलं. बारामती म्हटलं की लोकांना ऊस आणि कालवा आठवतो. पण लोणी भापकर हे तालुक्याच्या जिरायती भागातलं गाव. मे महिन्यात रानं उघडी पडलेली असतात, विहिरींनी तळ गाठलेला असतो आणि दुपारी बाराच्या पुढं रस्त्यावर माणूस दिसत नाही. सगळे घरात. त्यामुळं कुणाच्या घरात काय चाललंय, ते पाहुण्याला न विचारता कळतं.

आपानं चहाचं आधण ठेवायच्या आधीच गाऱ्हाणं मांडलं. "तुझ्या भाचीला जरा समजव. बारावीचा शेवटचा पेपर झाला तेव्हापासून ती त्या लॅपटॉपला चिकटलीय. कसले तरी बोळ काढत बसते. नुसत्या भिंती, भिंती आणि भिंती. गेम म्हणावा तर गेमही नाही."

खरं दुखणं मात्र वेगळं होतं. ते दुल्हाभाईंनी जेवताना सांगितलं. पोरीला आर्किटेक्चरला जायचंय. पाच वर्षांचं शिक्षण, पुण्यात राहायचं, हॉस्टेल, फी. दुल्हाभाई टेम्पो चालवतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की बारामतीत बी.एस्सी. करावी, सकाळी एसटीनं जावं, संध्याकाळी घरी यावं. ते आम्हाला म्हणाले, "तुमचं ऐकते ती. उद्या जाईपर्यंत तिच्या डोक्यातून हे काढून टाका."

म्हणजे आम्हाला कामच नेमून दिलं होतं. जेवण झाल्यावर आम्ही समजूत काढायला म्हणून भाचीच्या शेजारी जाऊन बसलो. उठलो ते असरची अजान झाल्यावर. त्या दोन-अडीच तासांत आणि पुढच्या दिवसभरात जे पाहिलं, ते या वेळच्या सदरात सांगतो. तुमच्याही घरात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल.

वहीतला भूलभुलैया

ती भूलभुलैया बनवत होती. लहान मुलांच्या मासिकात 'सशाला गाजरापर्यंत पोहोचवा' असं कोडं असतं, तेच. पण ते आधी तयार कुणीतरी करावं लागतं, हे आमच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

तिनं चौकटीची वही उघडली. दहा घरं आडवी, दहा उभी. एकूण शंभर घरं. सुरुवातीला प्रत्येक घर चारी बाजूंनी बंद. शेजारशेजारच्या घरांमधल्या आतल्या भिंती मोजल्या तर भरतात एकशे ऐंशी. आता कुठल्याही एका घरात बोट ठेवायचं. शेजारच्या ज्या घरात अजून गेलो नाही, त्यातलं एक मनाला येईल ते निवडायचं, मधली भिंत पुसायची आणि तिथं जायचं. तिथून पुढं तसंच. चालता चालता अशी जागा येते, की आजूबाजूची सगळी घरं पाहून झालेली असतात. मग आलेल्या वाटेनं एक-एक घर मागं यायचं. जिथं न पाहिलेलं शेजारघर सापडेल, तिथून पुन्हा पुढं. शंभरही घरं पाहून झाली की काम संपलं.

"मामू, आता किती भिंती पुसल्या गेल्या असतील?" तिनं विचारलं. आम्ही अंदाज सांगत बसलो. ती म्हणाली, "नव्व्याण्णव. दर वेळी नव्व्याण्णवच. पहिलं घर सोडून प्रत्येक नव्या घरात शिरताना एकच भिंत पाडावी लागते. उरल्या एक्क्याऐंशी."

आणि त्या एक्क्याऐंशी भिंतींची गंमत अशी, की शंभरातल्या कुठल्याही दोन घरांमध्ये जाण्याची वाट असतेच, आणि ती एकच असते. एक भिंत जास्त ठेवली तर एखादा कोपरा कायमचा बंद होतो. एक भिंत जास्त पाडली तर दोन वाटा होतात.

पायरीपायरीनं काम सांगण्याच्या या रीतीला संगणकवाले अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आलाय. बीजगणितावरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध आहेच. आपल्या मुलांना हे नाव परीक्षेपुरतं पाठ असतं. ते नाव कामाला लागलेलं आम्ही त्या दुपारी पहिल्यांदा पाहिलं.

वरून एक, आतून दुसरं

इथवर सगळं वहीवर होतं. मग तिनं लॅपटॉपवर ब्लेंडर उघडलं. घर, यंत्र, पुतळा, काहीही लांबी-रुंदी-उंचीसकट बनवण्याचं ते सॉफ्टवेअर. फुकट मिळतं. त्यामागची हकीकतही ऐकण्यासारखी आहे. हॉलंडमधली ज्या कंपनीची ही निर्मिती होती, ती बंद पडली. तेव्हा ते बनवणारे टॉन रोसेंडाल यांनी गुंतवणूकदारांकडून हक्क सोडवून घेण्यासाठी २००२ साली लोकांकडून चंदा गोळा केला. एक लाख युरो सात आठवड्यांत जमले, आणि ते सॉफ्टवेअर सगळ्यांसाठी खुलं झालं. आज लोणी भापकरच्या एका माळवदाच्या घरात, जुन्या लॅपटॉपवर ते चालतंय ते त्या चंद्यामुळं.

भाचीनं वहीतल्या एक्क्याऐंशी रेघा पडद्यावर काढल्या आणि त्या वर ओढल्या. रेघांच्या भिंती झाल्या. वरून पाहिलं तर वहीतलं चित्रच, फक्त उंची आलेलं. आम्ही दहा-बारा सेकंदांत वाट शोधली आणि जरा फुशारकीनं तिच्याकडं पाहिलं.

"आता खाली उतरा," ती म्हणाली.

तिनं कॅमेरा जमिनीपासून पाच फुटांवर, म्हणजे माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर ठेवला आणि बटणं आमच्या हातात दिली. समोर भिंत. उजवीकडं भिंत. डावीकडं एक वळण. वळलो तर पुन्हा तसाच बोळ. नकाशा आम्ही आत्ताच पाहिला होता, वाटही काढली होती. पण चौथ्या वळणानंतर आपण कुठं आहोत याचा पत्ता लागेना. सगळ्या भिंती एकसारख्या. मागं वळलो तर आलेली वाटही ओळखू येईना. पंधरा मिनिटांनी आम्ही हात टेकले.

मग तिनं युक्ती सांगितली. उजवा हात भिंतीला लावायचा आणि तो न उचलता चालत राहायचं. वाट लांब पडते, बंद बोळांत शिरून परत यावं लागतं, पण शेवटी माणूस दारापर्यंत पोहोचतो. मात्र हे कधी चालतं? सगळ्या भिंती बाहेरच्या भिंतीला कुठून ना कुठून जोडलेल्या असतील आणि दार बाहेरच्या भिंतीत असेल, तेव्हा. मध्येच एखादी भिंत सुटी उभी असेल आणि आपण नेमका तिलाच हात लावला, तर गोल गोल फिरत राहू. आणि जिने आले, खालून एक वाट नि वरून दुसरी असं झालं, की या युक्तीची खात्री उरत नाही.

"म्हणून मला जिन्यांचा करायचाय," ती म्हणाली. "दौलताबादसारखा."

दौलताबादची अंधारी

दौलताबाद तिच्या डोक्यात शिरलं त्याला दोन वर्षं झाली. आपाच्या घरचे सगळे खुलताबादला जियारतीला गेले होते. येताना वाटेत किल्ला पाहिला. आपल्यातली कितीतरी कुटुंबं हा फेरा करतात. बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जैनुद्दीन शिराजी यांचे दर्गे, औरंगजेबाची साधी उघडी कबर, आणि मग दौलताबाद.

हा किल्ला मुळात यादवांचा देवगिरी. लोणी भापकरमधलं मल्लिकार्जुनाचं मंदिर आणि त्यापुढची पुष्करणीही यादवकाळातलीच मानली जाते, त्यामुळं तिकडच्या पोरांना हे नाव परकं नाही. पुढं १३२७ साली मुहम्मद बिन तुघलकानं दिल्लीची राजधानी इथं हलवली आणि दौलताबाद हे नाव रूढ झालं. नंतर बहामनी आले, निजामशाही आली आणि १६३३ मध्ये मोठ्या वेढ्यानंतर किल्ला मुघलांकडं गेला.

या किल्ल्याची खरी ताकद त्याच्या वाटेत आहे. डोंगराच्या कडा तासून सरळ भिंतीसारख्या केल्यात, भोवती खडकात खोदलेला खंदक आहे. खंदकावरून एकच वाट आत जाते, आणि ती डोंगराच्या पोटातून वर चढते. तीच अंधारी. आत वळणं, पायऱ्या, काळोख आणि वटवाघळं. शत्रू आत शिरला तर त्याला पुढचं पाऊल कुठं टाकावं ते कळू नये, अशी ती रचना. वरच्या तोंडाला लोखंडी झाकण असायचं. त्यावर आग पेटवली की धूर सगळा खाली भुयारात. वाटाडे मशाल किंवा बॅटरी घेऊन लोकांना आत नेतात आणि मध्येच ती विझवून दाखवतात.

आपा सांगते, बाकीची पोरं तिथं किंचाळत होती आणि ही पायऱ्या मोजत होती. डावं वळण, इतक्या पायऱ्या, उजवं वळण, इतक्या पायऱ्या. बाहेर आल्याबरोबर तिकिटाच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं. ते तिकीट अजून तिच्या वहीत आहे. माप काही फुटपट्टीचं नाही, पण तिच्यापुरता तो अंधारीचा नकाशा आहे.

भारतात माणसाला चकवणाऱ्या अशा रचना जुन्या आहेत. आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात बोरामणीच्या माळरानावर दगड मांडून केलेलं, एकात एक पंधरा फेऱ्यांचं चक्र अलीकडं अभ्यासकांच्या नजरेस आलं. पण ते जमिनीवर मांडलेलं. उभं राहिलं की सगळं दिसतं. अंधारी तशी नाही. ती वर चढते, वळते, आणि तिला वरून पाहण्याची सोयच नाही.

काळं चित्र

भाचीनं दोन आठवडे राबून अंधारी उभी केली होती. संध्याकाळी तिनं आमच्यासमोर ती रेंडर करायला घेतली. रेंडर करणं म्हणजे, आपण सॉफ्टवेअरमध्ये भिंती, पायऱ्या, दिवे, कॅमेरा मांडून ठेवतो, आणि कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला नेमकं काय दिसेल त्याचं चित्र संगणक हिशेब करून काढतो. साध्या मोठ्या आकाराच्या एका चित्रात वीस लाखांहून जास्त ठिपके असतात. त्यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग मोजायचा. जुना लॅपटॉप पंख्यासारखा घरघरायला लागला.

एवढ्यात तिचे दादाजी, म्हणजे आपाचे सासरे, मगरिबच्या नमाजासाठी वुजू करून आत आले. त्यांनी सगळी उमर गवंडीकाम केलं. आता सत्तरीच्या पुढं आहेत. गुडघे गेलेत, नजर शाबूत आहे. ते नातीच्या मागं उभं राहून पाहायला लागले.

चित्र पूर्ण झालं. पडदा संपूर्ण काळा.

भाचीचा चेहरा पडला. दादाजी म्हणाले, "बरोबर आहे की. अंधारी ना ही? दिवा नेलाच नाही तर काय दिसणार?"

सगळे हसले, तीही हसली. पण गोष्ट तेवढीच होती. तिनं आत एकही दिवा ठेवला नव्हता. नमाज झाल्यावर तिनं वळणाच्या जरा अलीकडं मशालीच्या रंगाचा एक दिवा ठेवला आणि पुन्हा चित्र काढायला लावलं. या वेळी पायऱ्यांच्या कडा उजळल्या, खडकाच्या एका अंगावर तांबूस उजेड पडला आणि वळणापलीकडं काळोख तसाच राहिला. आता ती अंधारी दिसायला लागली.

इथं आम्हाला आणखी एक नाव आठवलं. बसऱ्यात जन्मलेले आणि पुढं काहिऱ्यात काम केलेले इब्न अल-हैथम. अकराव्या शतकातला त्यांचा 'किताब अल-मनाझिर' हा ग्रंथ नजर आणि उजेड यांच्यावर आहे. युक्लिड, टॉलेमी यांच्यासारखे जुने विद्वान मानत, की डोळ्यातून किरण निघतात, वस्तूवर पडतात, म्हणून ती दिसते. इब्न अल-हैथम यांनी हे उलटं केलं. उजेड वस्तूवर पडतो, तिथून डोळ्यात येतो, म्हणून वस्तू दिसते. उजेड नसेल तर डोळा उघडा असूनही काही दिसत नाही. दादाजींनी गुडघ्यावर हात ठेवून जे सांगितलं, ते हेच.

आणि गंमत बघा. संगणक हिशेब करताना किरण कॅमेऱ्यातूनच बाहेर सोडतो आणि ते कुठं आपटतात ते मागं मागं शोधत दिव्यापर्यंत जातो. कारण दिव्यातून निघालेल्या असंख्य किरणांपैकी कॅमेऱ्यात येणारे फारच थोडे असतात. बाकीच्यांचा हिशेब करण्यात वेळ फुकट जातो. म्हणजे हिशेबाची दिशा जुन्या विद्वानांची आणि तत्त्व इब्न अल-हैथम यांचं. भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मामू, हे आमच्या फिजिक्सच्या पुस्तकात का नाही?" आमच्याकडं उत्तर नव्हतं.

बांधलेलं आणि कोरलेलं

रात्री जेवणानंतर दादाजी पुन्हा लॅपटॉपसमोर आले. या वेळी खुर्ची ओढून बसले आणि चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. मग एकेक करून चुका काढायला लागले.

"ही पायरी फूटभर उंच झाली. एवढी चढताना माणूस भिंत धरतो. घरात आपण सहा-सात इंच ठेवतो. किल्ल्यात जास्त असेल, पण मग सगळ्या सारख्या कशा? खडकातल्या पायऱ्या सारख्या नसतात." तिनं तिकीट काढून दाखवलं, पायऱ्यांची संख्या होती, उंची नव्हती.

"इथं जिना वळतो तिथं वर बघ. माणसाचं डोकं आपटेल." तिनं कॅमेरा नेला. खरंच, छत साडेचार फुटांवर आलं होतं.

मग ते थांबले आणि म्हणाले, "पण बेटी, तुझी मूळ चूक वेगळीच आहे. तू भिंती बांधल्यास. ते बांधलेलं नाही. ते कोरलेलं आहे. आम्ही भिंत बांधतो तेव्हा मोकळ्या जागेत दगड आणतो. पाथरवट कोरतो तेव्हा दगड आधीच असतो, तो जागा काढतो. तुझ्या भिंती बघ, नऊ-नऊ इंचाच्या. बाहेरून ठोकली तर पडेल. खऱ्या अंधारीच्या भिंतीला पलीकडची बाजूच नाही. पलीकडं डोंगर आहे."

भाची काही वेळ गप्प बसली. मग तिनं दोन आठवड्यांचं काम बाजूला ठेवलं आणि नवी फाइल उघडली. एक मोठा भरीव ठोकळा घेतला. बोगद्याचा आकार वेगळा बनवला. वळणांसकट, पायऱ्यांसकट, एखाद्या वाकड्यातिकड्या सळईसारखा. आणि सॉफ्टवेअरला सांगितलं, या ठोकळ्यातून हा आकार वजा कर. ब्लेंडरमध्ये बेरीज-वजाबाकीची ही सोय आहेच. तिला माहीतही होती, पण ती इथं वापरायची हे सुचलं नव्हतं. एका क्षणात ठोकळ्याच्या पोटात अंधारी तयार झाली. पूर्वी जिथं जिथं दोन भिंतींच्या फटीतून उजेड शिरत होता, ते सगळे दोष गेले. फटी राहणार कुठून?

दादाजी म्हणाले, "आता डोंगर झाला."

त्या रात्री बोलणं लखनौच्या भूलभुलैयापर्यंत गेलं. नवाब आसफुद्दौलांनी बांधलेला बडा इमामबाडा आपल्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. त्याचं काम १७८४ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून सुरू झालं. उस्ताद किफायतुल्लाह हे त्याचे वास्तुकार. खालचा मुख्य दिवाणखाना सुमारे पन्नास मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही, तुळई नाही. त्या छतावरच्या भागात भूलभुलैया आहे. बोळ, जिने आणि एकसारखे दिसणारे दरवाजे. लोक समजतात, नवाबाला खेळ खेळायचा होता.

दादाजींना हे सांगून आम्ही विचारलं, की एवढ्या मोठ्या छतावर असे बोळ कशाला केले असतील? त्यांनी क्षणभरही घेतला नाही. "वजनासाठी. भरीव केलं असतं तर कमान बसली असती. पोकळ ठेवलं म्हणजे ओझं कमी, आणि भिंतींमुळं जोरही बाजूला वाटला जातो." जाणकारही हेच सांगतात. दादाजींनी लखनौ पाहिलेलं नाही.

दुष्काळाचं ऐकून मात्र ते दुसरीकडंच गेले. बहात्तरचा दुष्काळ. ते तेव्हा मिसरूड फुटलेले पोर होते. खडी फोडायच्या कामावर जायचे, दुपारी सुकडी मिळायची. "दगड कुठं मारला की कुठं फुटतो, ते मी तिथं शिकलो," ते म्हणाले. "शिकवणारा वडार होता. त्यानं मला विचारलं नाही तू कोणाचा, कुठला. म्हणाला, हातोडी अशी धर." दुल्हाभाई दारात उभे राहून ऐकत होते. वडिलांचं हे त्यांनी याआधी ऐकलं नव्हतं, असं वाटलं.

दुल्हाभाई आत शिरतात

आम्हाला नेमून दिलेलं काम तसंच राहिलं होतं. समजूत काढायची होती भाचीची, आणि आम्ही बोलत बसलो दुल्हाभाईंशी.

त्यांचा विरोध अडाणीपणाचा नव्हता, हे आधी सांगायला हवं. मुलीनं शिकू नये असं ते एकदाही म्हणाले नाहीत. टेम्पोचे हप्ते आहेत, धाकटा मुलगा आठवीत आहे, पाऊस झाला तर माल असतो, नाहीतर टेम्पो दारात उभा. पाच वर्षं म्हणजे पाच वर्षांची फी. आणि त्यांच्या मनातली खरी भीती त्यांनी हळू आवाजात सांगितली. "बी.एस्सी. म्हटलं की मला कळतं पुढं काय. शिक्षिका, बँक, स्पर्धा परीक्षा. हे आर्किटेक्चर मला दिसतच नाही. कुठं जाऊन निघतं ते."

भाची आतून आली. तिनं काही वाद घातला नाही. लॅपटॉप अब्बांच्या पुढं ठेवला आणि पहिला, शंभर घरांचा भूलभुलैया उघडला. "अब्बा, चालून बघा."

दुल्हाभाई पुणे-सोलापूर रस्ता झोपेत चालवतील असे. तिसऱ्या वळणावर अडकले. बंद बोळात शिरले, परत आले, पुन्हा त्याच बोळात शिरले. चिडले. वैतागून विचारलं, "बाहेर जायची वाट आहे ना नक्की? का उगाच फिरवतेस?"

"आहे," ती म्हणाली. "एकच आहे, पण आहे. मीच ठेवलीय."

ते आणखी दहा मिनिटं फिरले. तिनं वाट सांगितली नाही. फक्त उजवा हात भिंतीला लावायची युक्ती सांगितली. अकराच्या सुमारास ते बाहेर पडले. लॅपटॉप बंद करून म्हणाले, "डोकं दुखायला लागलं." आणि झोपायला गेले.

तो होकार नव्हता. सकाळी चहा घेताना मात्र त्यांनी विचारलं, की ही जी नाटा नावाची परीक्षा म्हणतात, ती कुठं असते आणि फॉर्म कधीपर्यंत भरायचा. आर्किटेक्चरच्या प्रवेशासाठी बारावीत गणित लागतं आणि अशी वेगळी परीक्षा द्यावी लागते, हे आम्ही त्यांना सांगितलं. पुढच्या रविवारी ते मुलीला घेऊन पुण्याला हॉस्टेल पाहायला जाणार, इतकं ठरलं. फीचं काय, ते ठरलेलं नाही. शिष्यवृत्तीची चौकशी आम्ही अंगावर घेतलीय.

तुमच्या घरी

वाचकहो, यातून आम्हाला काय वाटलं ते सांगतो. मूल पडद्यासमोर बसलंय एवढं आपल्याला लांबून दिसतं. ते पाहतंय, खेळतंय की बनवतंय, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. आम्हीही समजूत काढायलाच बसलो होतो.

तुमच्या घरी हे करून बघायचं असेल तर सुरुवात चौकटीच्या वहीनं करा. आधी पाच घरं आडवी, पाच उभी; चोवीस भिंती पुसायच्या. हे आठ-नऊ वर्षांच्या मुलालाही जमतं. मग टिंकरकॅड नावाची सोपी, फुकट सोय आहे. ती ब्राउझरमध्येच चालते, वेगळं काही भरावं लागत नाही. ठोकळे ठेवून भिंती उभ्या करता येतात, आणि एका ठोकळ्यातून दुसरा वजाही करता येतो. तिथं हात बसला की ब्लेंडर. लॅपटॉप भारी असायला हवा असं नाही. चित्र निघायला वेळ लागतो एवढंच. आणि एक काम जरूर करा: बनवलेल्या भूलभुलैयात घरातल्या मोठ्या माणसाला चालायला लावा. गवंडी, सुतार, शिंपी, घरात ज्याचा हात कसल्याही मापावर बसलाय, त्याला चुका काढू द्या. भाचीला इंटरनेटवरच्या धड्यांतून जे सापडलं नव्हतं, ते दादाजींनी एका वाक्यात सांगितलं.

आम्ही निघालो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. दादाजी आणि भाची पुष्करणीकडं निघाले होते. तिथल्या वडीलधाऱ्यांना आदल्या दिवशीच विचारून ठेवलं होतं. ते म्हणाले, विचारायचं काय त्यात, गावाचीच आहे. भाचीच्या हातात वही आणि टेप, दादाजींच्या खिशात ओळंबा. या वेळी प्रत्येक पायरीची उंची वेगळी लिहायची असं ठरलं होतं.

"ही कोरलेली का रचलेली?" तिनं चालता चालता विचारलं.

"जाऊन हात लावून बघ," दादाजी म्हणाले.